मोगीच्या नावाची धार

रसिला पडली तेव्हा मीही पडले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्याने त्याने ही गोष्ट सांगितली ती फक्त रसिला पडल्याची सांगितली.

खो-खोच्या सरावात मी पाठलागावर होते आणि ती पळत होती. खांबापाशी तिने हुलकावणी दिली, मी झेप घेतली, दोघींची डोकी आपटली आणि आम्ही मातीत लोळलो. तिचं कोपर फुटलं, माझा गुडघा. रक्त दोघींचं सारखंच येत होतं, मी नीट बघून घेतलं. जमनाताई हातातली शिट्टी टाकून धावत आल्या आणि सरळ रसिलापाशी बसल्या. ओढणीच्या टोकाने तिचं कोपर पुसलं, फुंकर घातली आणि तिच्या कानाशी वाकून त्यांच्या भिली बोलीत काहीतरी बोलल्या. रसिला रडता रडता हसली.

मग ताईंना मी दिसले.

"हेमांगी, तू तर वाघीण आहेस. जा, नळावर धुऊन ये."

मी लंगडत नळावर गेले. जरा जास्तच लंगडले, पण कोणी बघत नव्हतं.

तेव्हा मी आठवीत होते. आता अकरावीत आहे आणि चारचौघांत बोलायला सांगितलं तर माईक सोडत नाही, पण त्या वर्षी माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. जमनाताई वळवी शाळेत खो-खो शिकवायला कंत्राटावर आल्या होत्या. तळोद्यातल्या आमच्या शाळेचा मुलींचा संघ तोवर दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरून वडापाव खाऊन परत यायचा. ताईंनी आम्हाला जिल्ह्यात पहिलं आणलं. पुढे विभागीय स्पर्धा होती. 'मॅडम म्हणू नका, ताई म्हणा,' असं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि सगळ्या मुली त्यांच्यावर फिदा झाल्या. मी सगळ्यांत जास्त.

आणि त्या कोणावर फिदा? रसिला वसावेवर.

रसिला वसतिगृहात राहायची. आई लहानपणीच गेलेली, बाप तापीपलीकडे गुजरातेत दुसरं लग्न करून बसलेला, मामाने इकडे आणून घातलेली. हे सगळं मला माहीत होतं आणि मला वाईटही वाटायचं, पण ताई तिच्या वेण्या घालायला बसल्या की वाईट वाटणं बंद व्हायचं. माझे केस तिच्यापेक्षा लांब होते. ताई डब्यातली अर्धी भाकरी तिला द्यायच्या. मी आईला सांगून मुद्दाम शेवभाजी आणली, तर ताई म्हणाल्या, "अरे वा, सगळ्यांना वाट." आम्ही सगळ्या म्हणायचो, "ताई आल्या." रसिला म्हणायची, "ताई आली." तो एक शब्द मला दिवसभर टोचायचा.

मी वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशींकडून भिली शिकायलाही बसले. दोन वाक्यं पाठ करून ताईंना म्हणून दाखवली. ताई पोट धरून हसल्या आणि मग ती रसिलाला सांगून पुन्हा हसल्या.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक राजपूत सर आमच्या दुकानात आले. पप्पांचं बियाण्यांचं दुकान आहे आणि ते शाळा समितीचे अध्यक्षही होते. मी मागे कापसाच्या बियाण्याच्या पोत्यांवर आडवी पडून वाचत होते. पोती उंच, त्यामुळे मी कोणाला दिसत नव्हते.

"कर्णकारभाऊ, जमना वळवीचं पोलीस व्हेरिफिकेशन आलं," सर म्हणाले.

"मग? चहा घ्या."

"चहा राहू द्या. तिच्यावर गुन्हा आहे."

पप्पांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "आपल्या ठाण्यानं तर परवा सांगितलं, काही नाही म्हणून."

"आपल्याकडे नाहीच. पण आता एका ठाण्यावर भागत नाही भाऊ. सगळ्या राज्यांचं एकमेकांना दिसतं. बोटांचे ठसे टाकले की निघतं. गुजरातचं निघालं. दारूबंदीचा गुन्हा, कोर्टात शाबीत."

"दारू? ती पोरगी?"

"जुनं आहे, विशीतलं असेल तिच्या. आणि दारूचं एक वेळ मी खपवून घेईन. पण आपल्या अर्जात विचारलंय, कधी गुन्हा केला आहे का? बाईंनी ठळक अक्षरात लिहिलंय, नाही. मुलींच्या वसतिगृहात तिचं येणं-जाणं. उद्या एखादा पालक हे घेऊन उभा राहिला तर मी काय सांगू?"

"तिला विचारलं का?"

"विचारलं ना. म्हणते, बाटली माझीच होती. कशाला नेत होतीस म्हटलं, तर तोंडातून अक्षर नाही."

पप्पांनी उरलेला चहा भुरकला. मग म्हणाले, "शनिवारी समिती बसवू. तिचं उत्तर नाही आलं तर मोकळं करावं लागेल. आपल्या गळ्यात कशाला?"

सर गेले. मी पोत्यांवर उताणी पडून छताकडे बघत राहिले. ताई जाणार, एवढाच विचार आधी आला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तो फार सुंदर होता. रसिलाला यातलं काही माहीत नाही. ताईंना वाचवलं तर ते मीच वाचवणार.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मधल्या सुट्टीत मी खेळाच्या सामानाच्या खोलीत शिरले. ताई खाली बसून गुडघ्याच्या पट्ट्या शिवत होत्या. मी विचार करून गेले होते की हळूहळू विषय काढायचा.

"ताई, तुम्ही दारू विकायच्या का?"

सुई थांबली. "कोण म्हणालं?"

"कोणी नाही. सर आले तेव्हा मी दुकानात पोत्यांवर होते."

ताईंनी सुई पट्टीत टोचून ठेवली. "दार लाव."

मी दार लावलं.

"तुला सांगते. तू आमच्यातली नाहीस म्हणून सांगते, कळलं? आमच्यातली असतीस तर संध्याकाळपर्यंत डोंगरात पोचलं असतं."

हे मला लागलं. पण सांगणार होत्या, म्हणून मी जवळ सरकले.

"आमच्या गावात माझी एक मैत्रीण होती, मोगी. एकत्र शेळ्या राखायचो. तिला पलीकडे दिली, गुजरातेत. तापाने गेली. आमच्याकडे माणूस गेलं की मोहाच्या दारूची धार टाकतात. पिण्यासाठी नाही ग. जमिनीवर, थेंब थेंब, नावं घेऊन. आणि आमच्या गावची रीत अशी की बाईच्या नावाची धार तिच्या माहेरच्या मोहाची पाहिजे. तिचा भाऊ ऊसतोडीला लांब गेलेला. घरात दुसरं कोण? मग मी निघाले. टॉवेलात बाटली गुंडाळली आणि एसटीत बसले."

"मग?"

"नाक्यावर गाडी थांबवली. तिकडे दारूबंदी, मला कुठं माहीत? म्हणजे माहीत होती, पण मला वाटायचं, ती पिणाऱ्यांना असते. पोलिसाने पिशवी वर धरली, ही कोणाची? सगळी गाडी खाली मान घालून बसली. मी हात वर केला."

"का पण?"

"माझीच होती ना. आणि मला वाटलं, मयताला नेतेय म्हटल्यावर कोण अडवतं? उलट म्हणतील, जा बाई लवकर." ताईंनी दोरा दाताने तोडला. "ठाण्यात बसवलं. पुढे कोर्टात वकील म्हणाला, हो म्हण, दंड भर आणि सुट. मी हो म्हणाले. सुटले. मला वाटलं, मिटलं."

"आणि मोगी?"

"मी पोचले तेव्हा उरकलं होतं. धार पाण्याची टाकली."

बाहेर पोरं ओरडत होती. मी अर्जाचं विचारलं. "पण मग अर्जात 'नाही' असं का लिहिलंत?"

ताईंनी मलाच विचारलं, "मी काय गुन्हा केला?"

त्या वाद घालत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मग हेच शनिवारी सांगा की. पप्पा ऐकतील. मी सांगते पप्पांना."

"नाही." ताईंचा आवाज मैदानावरचा झाला. "मोगीची पोरगी इथं आहे."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी पट्ट्यांच्या ढिगावरच बसले.

"रसिला?"

"तिला वाटतं आईची धार नीट पडली. मामाने तसंच सांगितलंय. ती आजारी पडली, घाबरली, स्वप्नात आई दिसली, की पाड्यातल्या बाया म्हणतात, तुझी आई अजून फिरते. मामा म्हणतो, गप बसा, माझ्या दारच्या मोहाची धार पडलीय, ती सुखाने गेली. त्याच्यावर ती पोरगी झोपते. आता मी समितीत हे बोलू? तिला कळेल, आईला पाणी मिळालं आणि ते माझ्यामुळे." त्यांनी माझा हात धरला. पहिल्यांदा. "हेमांगी, वचन दे. तिला नाही सांगायचं."

मी वचन दिलं. तेव्हा त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

खरं सांगायचं तर पुढचा दीड दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यांत छान होता. संध्याकाळी रसिला ताईंच्या गुडघ्याला टेकून वेणी घालून घेत होती आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. घाल बाई वेणी. ताईंनी माझा हात धरून मला जे सांगितलं ते तुला सात जन्मांत सांगणार नाहीत. मी तिला माझ्या डब्यातलं लोणचंसुद्धा दिलं. ताई जाणार आहेत, हे मी जणू विसरलेच होते. आठवलं की मी पुन्हा ते गुपित काढून बघायचे, पेटीतला नवा फ्रॉक काढून बघावा तसं.

शनिवारी शाळा सुटल्यावर समितीची माणसं ऑफिसात जमली. ताई भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलेल्या खिडकीतून दिसत होत्या. मुलींमध्ये कुजबुज पसरली होतीच, ताईंना काढताहेत. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. तिथे रसिला आली. नाक लाल झालेलं.

"तुझे पप्पा अध्यक्ष आहेत. तुला माहीत असेल. ताईला का काढताय?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत आहे. परवा तू दार लावून बसली होती. मी पाहिलं." ती भिंतीला नखाने खरवडत होती. "मी ताईला विचारलं. ताई म्हणाली, काही नाही, जा खेळ. मला ती काहीच सांगत नाही. तुला सांगितलं ना?"

"हो," मी म्हणाले.

ते ऐकून तिच्या तोंडावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. जूनपासून रोज आरशात तेच तर बघत होते. मला वाटायचं, ते कधीतरी रसिलाच्या तोंडावर बघायला मिळालं तर मी देवाला नारळ फोडेन. आता ते समोर होतं आणि मला नीट बघवेना.

ऑफिसातून सरांचा आवाज येत होता, "शेवटचं विचारतो बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का?" ताई गप्प बसणार होत्या. मी गप्प बसले तर ते गुपित कायमचं माझं होतं. आणि ताई सोमवारी मैदानावर नसणार होत्या.

"ती बाटली तुझ्या आईसाठी होती," मी म्हणाले.

"कोणती बाटली?"

मग मी सगळं सांगितलं. भराभरा, श्वास न घेता, नाका, एसटी, हात वर केला ते. पाण्याचं सांगताना मी टाकीच्या तोटीकडे बघत होते. रसिला रडली नाही.

"मामा खोटं बोलला," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी बोलला."

"आणि ताई?"

"ताई खोटं नाही बोलल्या. ताई गप्प बसल्या. आता पण बसल्यात, बघ जाऊन."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"गुरुवारपासून."

"आणि माझ्या आईचं मला आज सांगते? लोणचं देत होती मला, काल?"

एवढं बोलून ती निघाली. पाठलागावर मी असते, पण त्या दिवशी तिला गाठता गाठता माझी दमछाक झाली. तिने ऑफिसचं दार ढकललं आणि आत शिरली. मीही शिरले. पप्पांनी चष्म्यावरून बघितलं.

"हेमू? काय हे? मिटिंग चालू आहे ना."

"सर, ती बाटली माझ्या आईची होती," रसिला म्हणाली.

ताई खुर्चीतून उठल्या. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे बघितलं ते मी कधी विसरणार नाही. मग रसिलाला भिलीत काहीतरी कडक बोलल्या. रसिला मराठीतच म्हणाली, "नाही, मी नाही जाणार. तू बस. तू सांगत नाहीस तर मी सांगते."

आणि तिने सांगितलं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी रसिला दहा मोठ्या माणसांसमोर उभी राहून बोलत होती. मोगी वसावे तिची आई. माहेरचा मोह. थेंब. नावं. अडकली तेव्हा "सर, म्हणजे असं" म्हणायची आणि पुन्हा चालू करायची. शेवटी म्हणाली, "ताईला दारू प्यायची असती तर इकडेच प्यायली असती ना सर. बॉर्डरवर कशाला नेली असती?"

कोणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं.

राजपूत सर कपाळ चोळत म्हणाले, "सगळं खरं धरलं तरी कोर्टात शाबीत आहे. आणि अर्जात 'नाही' लिहिलंय. कागद काय म्हणतो ते मला बघावं लागतं."

तेव्हा मी बोलले. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं भाषण आणि त्यासाठी कोणी माझं नाव पुकारलं नव्हतं. "सर, कागद गुजरातेतून इथपर्यंत आला. त्यात बाटली आली, कलम आलं, ठसे आले. मोगी नाही आली. आता मोगीची मुलगी आली आहे, तर तिचं पण लिहून पाठवा की तिकडे वर."

"हेमांगी, बाहेर," पप्पा म्हणाले.

"हो पप्पा," मी म्हणाले आणि तिथेच उभी राहिले.

पप्पांनी मला दुसऱ्यांदा सांगितलं नाही. ते ताईंकडे वळले. "बाई, हे असंच आहे?"

ताईंनी मान हलवली. इतकीच की जेमतेम दिसली.

"मग सर, पूर्ण हकिकत लिहून घ्या, हिची आणि त्या मामाची. गावच्या पाटलाची सही घ्या. जिल्ह्याला पाठवा. अर्जातला खुलासा बाई स्वतःच्या हाताने लिहितील. उत्तर येईपर्यंत त्या शिकवतील."

"आणि वरून नकार आला तर?"

"तर मी जाईन वर. बियाणं विकतो मी, माझं तोंड कमी नाही. पोरीत उतरलंय ते."

वरून उत्तर यायला स्पर्धा उलटून गेली, आणि आलं ते हो आलं. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी ताई ऑफिसातून बाहेर आल्या तेव्हा रसिला त्यांच्या कमरेला मिठी मारून होती. ताई माझ्यापाशी थांबल्या.

"मी वचन घेतलं होतं तुझ्याकडून."

"हो."

"मोडलंस."

"हो. नाहीतर तुम्ही गेला असता."

त्या मान वळवून रसिलाला घेऊन वसतिगृहाकडे गेल्या. पुढचा आठवडाभर त्या मला फक्त "कर्णकार" म्हणायच्या. कर्णकार, पाय उचल. कर्णकार, कुठे लक्ष आहे? वाघीणसुद्धा गेली.

पुढच्या रविवारी ताई आणि रसिला डोंगरात निघाल्या, मोगीच्या माहेरी. मामाला निरोप गेला होता. राहिलेली धार टाकायची होती, इकडेच, मोहाखाली, जिथे कोणताही नाका लागत नाही. मला हे मावशींकडून कळलं आणि मी सकाळीच जीप लागते तिथे जाऊन उभी राहिले. पाठीवर दप्तर, दप्तरात कपडे.

ताईंनी दप्तराकडे बघितलं. "कुठे?"

"क्लासला."

"रविवारी?"

"आमचा रविवारी पण असतो."

जीपमध्ये माणसं दाबून बसली होती. रसिलाने मांडीवरची पिशवी सरकवून जरा जागा केली आणि म्हणाली, "चल ना." मी ताईंकडे बघितलं. ताई समोरच्या काचेतून रस्ता बघत होत्या. त्यांनी ये म्हटलं असतं तर मी टपावरसुद्धा बसले असते.

"क्लास आहे," मी म्हणाले. जीप गेली. मी घरी आले आणि आईने विचारायच्या आत गच्चीवर जाऊन बसले.

सोमवारी सरावाला आम्ही पाठलागाच्या बाजूला होतो. चौकोनात बसताना रसिलाने मागे वळून मला सगळं सांगितलं. मामा रडला म्हणे, लहान पोरासारखा. अख्खा पाडा जमला. ताईने तिचा हात धरून धार टाकली, एकेक नाव घेऊन एकेक थेंब. रात्री ती ढाराढूर झोपली.

"आणि ताईने तुझं नाव घेतलं," ती म्हणाली.

"माझं? मी मेले आहे का?"

"मेलेल्यांचंच नाही काही. जे यायला पाहिजे होते आणि आले नाहीत, त्यांचं पण घेतात. ताई म्हणाली, हेमांगी. मामाने विचारलं, ही कोण? ताई म्हणाली, आमच्यातलीच आहे एक."

मैदानाच्या त्या टोकाला ताई शिट्टी पुसत होत्या आणि मुद्दाम इकडे बघत नव्हत्या. मी इतकी खूश झाले होते की तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी थांबले नाही.

"आणि तुझं? तुझं नाव घेतलं का?"

रसिलाला प्रश्नच समजला नाही. "माझं कशाला घेईल? मी तर तिच्या मांडीवर होते."

ती पाठ फिरवून चौकोनात बसली. शिट्टी झाली. मी धावत तिच्यामागे आले आणि खो दिला. जरा जोरातच दिला.